चौकटी उशिरा आल्या आणि गवंडी निघून गेले

पत्र :

"मी सोलापूरचा छोटा कंत्राटदार. गवंडीकामापासून सुरुवात केली, आता घरांची कामं घेतो, अधूनमधून सरकारी कामंही. मुलगा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेला. स्ट्रक्चरल ॲनालिसिसमध्ये एकदा राहिला होता, नंतर विषय निघाला. मी म्हणतो पुण्यात दोन वर्षं राहा, एमपीएससी कर. खोलीचं डिपॉझिटही भरलंय. तो म्हणतो, मला प्लॅनिंग इंजिनिअर व्हायचंय. एसीत बसून कॉम्प्युटरवर रेघा मारायच्या, ही तर कारकुनी. माझं सगळं प्लॅनिंग माझ्या डोक्यात असतं, त्याचा मला कुणी पगार देत नाही. मागच्या मे महिन्यात साइटवर वही घेऊन फिरत होता. 'चौकटी आत्ताच सांगा' म्हणून सगळ्या लेबरसमोर मला शिकवायला लागला. एक ठेवून दिली. चौकटी पुढे उशिरा आल्या, गवंड्यांची टोळी दुसरीकडे गेली ती तीन आठवड्यांनी आली, पण तो दोष सुताराचा. तेव्हापासून मुलगा साइटवर येत नाही, घरातही कमी बोलतो. गेल्या साली एका सरकारी कामात नकाशा दोन महिने उशिरा मिळूनही दंड माझ्याच बिलातून कापला. त्या खुर्चीसमोर उभं राहून चपला झिजल्या. माझा मुलगा त्या खुर्चीत बसला पाहिजे. तुमचं तो ऐकेल, त्याला समजावा."

एक वडील, सोलापूर


मालक,

साइटवर तुम्हाला सगळे हेच म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणतो.

डिप्लोमा, मार्क, राहिलेला विषय हे मी एकदा वाचलं आणि सोडून दिलं. त्यात काळजीचं काही नाही. "एक ठेवून दिली" इथे मात्र अडलो. तुम्ही ते असं लिहिलंय, जसं वाळूचे दोन डंपर आले म्हणून लिहावं. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा. ज्या सेंट्रिंगवाल्यांकडून, बिगाऱ्यांकडून, गवंड्यांकडून उद्या त्याला काम करून घ्यायचंय, त्यांच्याच डोळ्यांदेखत. तो चुकीचं बोलला असता तरी हे वाईटच होतं. इथे तर तो बरोबर होता, आणि तो बरोबर होता हे तुम्हीच पुढच्या ओळीत लिहून सुताराच्या अंगावर ढकललंय. तो साइटवर का येत नाही, याचं उत्तर मला शोधायची गरज उरली नाही. तुम्हालाही ते ठाऊक असावं, नाहीतर एवढं मोकळेपणाने लिहिलं नसतं.

आता त्या चौकटींकडे जरा नीट बघू, कारण "प्लॅनिंग म्हणजे काय" याचं उत्तर तिथेच आहे.

सुताराला चौकटी करायला तीन आठवडे लागतात असं धरू. वीटकाम सुरू झालं की दाराच्या चौकटी उभ्या करूनच भिंत वर न्यावी लागते. म्हणजे वीटकाम ज्या दिवशी सुरू होणार, त्याच्या तीन आठवडे आधी सुताराच्या हातात मापं आणि ॲडव्हान्स पडला पाहिजे. तेव्हा साइटवर काय चाललेलं असतं? बहुतेक वरच्या स्लॅबची सळई बांधणं चाललेलं असतं. लाकडाचं नाव काढावं असं कुणाला वाटतच नाही. ज्याला वाटतं, तो प्लॅनिंग करतोय. तुमच्या मुलाला वाटलं.

उशीर चौकटींना झाला, नुकसान मात्र गवंड्यांमुळे झालं. टोळी रिकामी बसून राहत नाही. चार दिवस काम नाही म्हटल्यावर ती दुसऱ्याची साइट धरते, आणि एकदा धरली की तिथला मजला उरकल्याशिवाय परत येत नाही. आठवड्याभराच्या उशिराचे तीन आठवडे होतात ते असे. त्या तीन आठवड्यांत प्लास्टर थांबलं असेल, प्लंबर दोनदा येऊन परत गेला असेल, घरमालकाचा हप्ता अडकला असेल. एका कामाचा उशीर पुढच्या कोणकोणत्या कामांना धक्का देतो आणि कोणत्या कामांना देत नाही, हे आधी ओळखणं हा या पेशाचा गाभा आहे. 1957 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीत कारखान्यांच्या बांधकामांसाठी याची गणिती रीत बसवली गेली. तिलाच आज क्रिटिकल पाथ म्हणतात, तुमच्या मुलाने ती परीक्षेपुरती सोडवलीही असेल. साइटवर तिचं नाव "चौकटी आत्ताच सांगा" असं होतं.

सगळं डोक्यात असतं असं तुम्ही म्हणता, आणि ते मला खरं वाटतं. गवंडीकामातून वर आलेल्या माणसाच्या डोक्यात जे असतं ते कॉलेजात मिळत नाही. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे 14, त्यापुढे 21. आयएस 456 या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकात साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी हेच आकडे छापलेत, आणि तुम्हाला ते पुस्तक न उघडता पाठ असतील. पण समजा प्लेटांचा आणि टेकूंचा सेट एकच आहे आणि साइट दोन. एकीकडचा बीम साडेसहा मीटरचा निघाला. आता दुसरीकडचा स्लॅब कधी? तिथला इलेक्ट्रिशियन पाइप टाकायला कोणत्या दिवशी बोलवायचा? आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी कधीची सांगायची? मधे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली तर किती माणसं येणार? इथे डोकं अपुरं पडतं. तुमचंच असं नव्हे, कुणाचंही. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरात विडी कामगार आणि असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची वसाहत उभी राहिली. 2024 च्या जानेवारीत त्यातली पहिली 15,000 घरं दिली गेली. एवढ्या कामात आज कुठल्या इमारतीला सळई, कुठल्या इमारतीला वीट आणि कुठल्या इमारतीला रंग, हे कुणा एकाच्या डोक्यात मावणार आहे का? एकदा जाऊन बघून या, आणि घरं मोजू नका, टोळ्या एका इमारतीवरून दुसरीवर कशा सरकल्या असतील याचा विचार करा. मुलाला सोबत नेलंत तर तो सांगेल.

आणि हो, सोलापूरचा मे. उन्हाच्या वेळी काम बंद, नळाला पाणी काही दिवसांआड, आणि कोरड्या-गरम हवेत ब्लेंडेड (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला 14 दिवस क्युरिंगची, म्हणजे ओलं ठेवण्याची शिफारस. टँकर कधी सांगायचा हा प्रश्न पुस्तकात कुणी विचारत नाही. तुमच्या मुलाच्या वहीत तो असावा अशी माझी अटकळ आहे.

आता एक गैरसमज. तो तुमचाही आहे आणि कदाचित मुलाचाही. तुम्हाला वाटतं प्लॅनिंग म्हणजे कॉम्प्युटरवर रेघा, म्हणून ते हलकं काम. शेवटच्या वर्षाच्या बऱ्याच मुलांनाही वाटतं की प्लॅनिंग म्हणजे कॉम्प्युटरवर रेघा, म्हणून प्रायमावेरा या प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावला की झालो आपण प्लॅनिंग इंजिनिअर. दोघंही एकाच जागी चुकताय. प्रायमावेरा काय किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट काय, ते तुम्ही सांगितलेल्या दिवसांची बेरीज करतात. वीटकामाला 9 दिवस लिहिले तर ते 9 दिवस धरतं, 4 लिहिले तर निमूटपणे 4 धरतं. एक गवंडी दिवसाला एक ते सव्वा घनमीटर वीटकाम करतो असं अंदाजपत्रकाच्या पुस्तकात असतं. पण तुमच्या साइटवर, मेमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, विटा डोक्यावरून चढवाव्या लागत असताना तो किती करतो? हा आकडा ज्याने उन्हात उभं राहून मोजलाय, त्याचाच आराखडा खरा ठरतो. बाकीच्यांचे आराखडे महिन्याच्या मीटिंगमध्ये भिंतीवर दाखवायला छान असतात. सॉफ्टवेअर काही आठवड्यांत शिकता येतं, तेही नोकरी लागल्यावर, कंपनीच्या खर्चाने. शेवटच्या वर्षाच्या मुलांना जे क्लास "पीएमपी करा" (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घ्या) म्हणून गळ घालतात त्यांच्यापासूनही जपा. पदवीधराला त्या परीक्षेला बसायलाच प्रकल्प चालवण्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो.

खुर्चीबद्दल बोलतो. तुमचं दुखणं मला कळलं. नकाशा त्यांनी उशिरा द्यायचा आणि दंड तुम्ही भरायचा, हा अपमान आहे. पण त्याची वसुली मुलाकडून करताय. तुमच्या वतीने टेबलाच्या पलीकडे जाऊन बसण्यासाठी तो जन्मलेला नाही. एमपीएससी करणारी मुलं मला दर आठवड्याला भेटतात. ज्यांना स्वतःला ती खुर्ची हवी असते, ती मुलंसुद्धा जाहिरातीची वाट बघून, निकालाची वाट बघून थकतात. ज्याला नको आहे त्याने पुण्यातल्या खोलीत दोन वर्षं काय करायचं? डिपॉझिट गेलं तर जाऊ द्या.

शिवाय मला एक विचारायचंय. नकाशा नेमका कोणत्या तारखेला मिळाला, त्याआधी तुम्ही तो कितीदा मागितला, त्याच्यावाचून कोणतं काम किती दिवस अडलं, पावसाने किती दिवस गेले, हे त्या वेळी कुठे लिहून ठेवलं होतं का? मुदतवाढ मागताना हेच लागतं. मूळ आराखडा, रोजची नोंद, आणि अडलेलं काम त्या क्रिटिकल पाथवर होतं हे दाखवणारं पान. मोठ्या कंपन्या प्लॅनिंगच्या माणसाला पगार देतात त्यातला बराचसा यासाठीच. रोजची नोंद लिहिणाऱ्याला तुम्ही कारकून म्हणालात. तुमच्या त्या कामावर असा एखादा कारकून असता तर बिलातला दंड वाचायची निदान शक्यता तरी होती.

मुलालाही दोन गोष्टी ऐकवायच्या आहेत, त्याला हे पान वाचायला द्या. बाबा रे, या कामाच्या नोकऱ्या सोलापुरात मोजक्याच. पुणे, मुंबई, हैदराबाद, पुढे आखात, अशी वाट आहे, आणि साइट जिथे असेल तिथे राहावं लागतं. काही ठिकाणी प्लॅनिंग इंजिनिअर म्हणजे निव्वळ रिपोर्ट रंगवणारा माणूस असतो. काल काय झालं ते साइटवरून विचारायचं आणि हिरव्या-लाल रंगात भरायचं. अशा जागी दोन वर्षांत गंजशील. मुलाखतीत त्यांनाच विचार, तुमचा प्लॅनर आठवड्यातून किती वेळा साइटवर जातो? उत्तर देताना समोरचा चाचरला तर समजून जा. आणि थेट प्लॅनिंगला जाऊच नकोस. आधी दीड-दोन वर्षं साइट इंजिनिअर म्हणून काढ, तीही वडिलांकडे नको, परक्या माणसाच्या हाताखाली. वडिलांच्या साइटवर तू कायम मालकाचा पोरगा राहणार, मुकादम तुझ्यापुढे आकडे फुगवून सांगणार. वडिलांसमोर बोलताना माणसं बघून बोलायचं, हेही शिकावं लागेल. माल उशिरा येतोय हे मालकाला चारचौघांत सांगायचं की बाजूला घेऊन, हा प्लॅनिंगच्या माणसाच्या रोजच्या कामाचा भाग आहे. अर्थात तू बाजूला घेऊन सांगितलं नाहीस, म्हणून मार खायला पात्र ठरलास असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात : गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला एम.टेक., किंवा पुण्यात बालेवाडीचं निकमार, ही बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी संस्था. दोन्ही चांगले, दोन्ही अनुभवानंतर जास्त उपयोगाचे. आत्ता घाई नाही.

मालक, आता तुमचं काम. त्याला समजावण्याचं मला सांगितलंत, ते मी करणार नाही. समजावण्यासारखं त्याच्याकडे काही दिसत नाही. शेवटची परीक्षा झाली की नोकरी लागेपर्यंत मधे काही आठवडे असतील. तेव्हा त्याला साइटवर बोलवा. बोलवताना "चौकटींचं तू बरोबर म्हणाला होतास" एवढं म्हणा, आणि ते घरात म्हणू नका. जिथे हात उचललात तिथेच म्हणा, शक्य तितक्या त्याच माणसांसमोर. तुम्हाला वाटतंय लेबरमध्ये मान जाईल. बिगारीसुद्धा तेव्हा सगळं बघत होते आणि चौकटी कधी आल्या हेही त्यांना माहीत आहे.

त्यानंतर पुढच्या कामाचा पाया ते पहिला स्लॅब एवढाच आराखडा त्याच्याकडून कागदावर करून घ्या. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, काळ्या मातीत खड्डे उघडे राहिले तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, त्याला कदाचित नसेल. तुमच्या डोक्यातलं त्याच्या वहीत उतरू द्या. त्या दिवसांची मजुरीही त्याला द्या, शनिवारी, बाकीच्यांबरोबर.

पुढचं पत्र मात्र तुम्ही लिहू नका, त्याला लिहू द्या. सोबत त्या मेमधल्या वहीच्या पानांचे फोटो पाठवायला सांगा. वही फाडली नसेल तर.