कोंबडी आरवली म्हणून तिला कापायची नसते

तुम्ही पत्रात लिहिलंत, तुमची एक कोंबडी रिकाम्या टोपलीत बसून राहते, हात नेला की फुगून चोच मारते. दुसरी कोंबड्यासारखी आरवायला लागली आहे. घरातले म्हणतात दोघी वेड्या झाल्या, काढून टाका. वेडी त्यातली एकही झालेली नाही. टोपलीतलीचं सोपं आहे, ते पुढे सांगते. आरवणारीबद्दल मात्र मला आधी बोलायचं आहे, कारण आमच्या घरात यावरून जे झालं ते मी अजून विसरलेले नाही.

मी मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्यात राहते. घरामागे माडाखाली आमचं खुराडं आहे, सगळ्या गावठी कोंबड्या, सुकत घातलेल्या जवळ्यावर वाढलेल्या. त्यातली काबरी म्हणजे खुराड्याची मालकीण. तिने कितीतरी वेळा पिल्लं काढली, घार उतरली तर पिल्लं पंखाखाली घेऊन अंगावर धावून जायची. एका वर्षी शिमग्यानंतर तिची अंडी बंद झाली. तुरा जाड आणि लालभडक झाला, पायामागे काटा फुटायला लागला. मग एका सकाळी ती पालथ्या घमेल्यावर चढली, मान ताणली आणि आरवली. आवाज घोगरा, शेवटचा सूर मध्येच तुटलेला, पण आरवणंच. आमचा कोंबडा दाणा टिपायचा थांबून तिच्याकडे बघत राहिला.

थोरले दीर पडवीत जाळं सांधत होते. ते उठले आणि म्हणाले, "कोंबडी आरवली म्हणजे घर बुडणार. आजच कापा." त्या आठवड्यात बोटीचं इंजिन बिघडलं होतं आणि जाळंही फाटून आलं होतं. दोन्हीचं खापर त्यांनी काबरीवर फोडलं. वर माझ्याकडे बघून म्हणाले, "या घरात बायांचा आवाज फार वाढलाय." त्याच महिन्यात मी त्यांच्याकडे डिझेलचा हिशेब मागितला होता. मासळी बाजारात मी विकते, पैसे मी घरात आणते, मग हिशेब मी नाही मागायचा तर कोणी मागायचा?

मी म्हटलं, कोंबडी माझी आहे, सुरी लागणार नाही. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. काबरीला उचलून त्यांनी डालग्याखाली घातलं आणि जेवणवेळ होईपर्यंत त्या डालग्याला पाठ लावून मासे निवडत बसल्या.

आता खरं कारण ऐका. कोंबडीचं फक्त डावं अंडाशय वाढतं, उजवं अर्धवटच राहतं. डाव्याला गाठ झाली, सूज आली आणि ते बंद पडलं की मादीचे हार्मोन कमी होतात. उजवीकडचा तो अर्धवट अवयव मग वृषणासारखा वाढू शकतो आणि अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, चढतं. तुरा, काटा, आरवणं सगळं त्यातून येतं. पुढे पिसं झडून नवी आली की तीही कोंबड्यासारखी येतात. ती खरा कोंबडा होत नाही, जन्माची मादी मादीच राहते. यात शकुन-अपशकुन कुठे आला? १४७४ साली आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात कोंबड्याने अंडं घातलं म्हणून त्याच्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाळलं होतं. आपल्याकडे आजही तेवढीच अक्कल चालवायची असेल तर बोलणंच खुंटलं.

दुसरंही एक कारण असतं. तुमच्याकडे कोंबडा आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर कळपातली सगळ्यात वरचढ कोंबडी कधी कधी त्याची जागा घेते, आरवते, राखण करते आणि अंडीही देत राहते. तिला काहीही झालेलं नसतं.

काबरी पुढच्या पावसाळ्यात गेली. मी जनावरांच्या डॉक्टरांकडून तिचं पोट उघडून घेतलं. अंडाशयावर लिंबाएवढी गाठ होती, डॉक्टरांनी चिमट्याने धरून दाखवली. मी दिरांना बघायला या म्हणून निरोप धाडला, ते आले नाहीत. आजही लग्नकार्यात विषय निघाला की सांगतात, "कोंबडी गेली आणि मासळी आली." भाऊजी, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. बंदी उठल्यावर मासळी दरवर्षी येते. त्या वर्षीही तशीच आली.

आता तुमची टोपलीतली. ती खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे, एवढंच. अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलं की खाली अंडं आहे, बटाटा आहे की काहीच नाही, तिला फरक पडत नाही. आमची एक जाळ्याच्या बोयावर, म्हणजे तरंगत्या गोळ्यावर, बसली होती. दिवसातून एकदा उठून खाईल, पाणी पिईल, एकच मोठी घाण वासाची शीट टाकेल आणि परत बसेल. कोंबडा असलेल्या कळपातली अंडी मिळाली तर रात्री तिच्याखाली सरकवा, २१ दिवसांनी पिल्लं निघतील. बदकाची ठेवलीत तर २८ दिवस लागतात. पिल्लं नको असतील तर तिला पाण्यात बुचकळू नका, हाल होतात. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून उंच ठेवा, आत पेंढा नको, दाणापाणी भरपूर द्या. पोटाखाली वारा लागला की तीन-चार दिवसांत बहुतेक उतरते.

बाकी मातीत आडवं पडून पाय झाडणं म्हणजे फिट नव्हे, ती आंघोळ आहे. उन्हात एक पंख पसरून मेल्यासारखं पडणंही नेहमीचंच. रात्री कोंबडा आरवत असेल तर आधी उजेड बघा. आमच्याकडे बंगल्यांवर रात्रीची शूटिंगं असतात. मोठे दिवे लागले की कोंबडा मध्यरात्री सुरू होतो, मग आम्ही खुराड्यावर ताडपत्री टाकतो. आणि पोरं कोंबडीला पाठीवर दाबून गप्प पाडतात, तो खेळ बंद करा. ती झोपत नाही, भीतीने गोठते.

एक राहिलं. हे सगळं खात्यापित्या कोंबडीबद्दल लिहिलं. मान पिळवटत असेल, पाय किंवा पंख लुळे पडले असतील, शीट हिरवी पातळ असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असू शकते. तिला लगेच वेगळी करा आणि बाकीच्यांना लस दिली आहे का ते बघा. आरवणारीचं पोट फुगलं, धाप लागली, तर तीही दाखवा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाजवळ जनावरांचं हॉस्पिटल आहे, टोपलीत घालून घेऊन जा. नुसती आरवते म्हणून कोणी सुरी काढली तर मात्र स्पष्ट नाही म्हणा, मग तो घरातला कितीही मोठा माणूस असो.