बरणीतला जीव आणि व्हिडिओतली वेळ

प्रश्न : ताई, मी मरीन सायन्समध्ये एमएस्सी करतोय. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एका सर्व्हे क्रूझवर ट्रेनी म्हणून चाललोय आणि मला आरओव्हीच्या (जहाजावरून केबलने चालवायच्या पाण्याखालच्या रोबोच्या) व्हिडिओचं ॲनोटेशन, म्हणजे त्यात काय कधी दिसलं त्याच्या नोंदी, करायचं काम दिलंय. सॅम्पल घेताना नेमकं काय नोंदवायचं? प्राणी ओळखताच आला नाही तर काय लिहायचं? मित्र म्हणतात ही नुसती डेटा एंट्री आहे, तेही मनात राहिलंय.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मित्रांचं मनावर घेऊ नकोस, का ते सांगते.

कॅलिफोर्नियात माँटेरे बेजवळ एमबारी नावाची संशोधन संस्था आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये त्यांच्या तिबुरॉन या आरओव्हीच्या कॅमेऱ्यात 2614 मीटर खोलीवर एक प्राणी आला, अंग पारदर्शक, तोंडाशी मोठी टोपी, शेपटीला झालर, कोणत्या गटातला तेच कुणाला कळेना. तेव्हा त्यांनी नाव ठोकून दिलं नाही, नुसतं ‘मिस्टरी मोलस्क’ म्हणायला लागले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत तो 150 पेक्षा जास्त वेळा दिसला. काही नमुने पकडलेही, आणि 2024 मध्ये ती खोल पाण्यात पोहणारी नवी समुद्री गोगलगाय निघाली, नाव बॅथिडेव्हियस कॉडॅक्टिलस. आता विचार कर, त्या वर्षांत कुणी कंटाळून ‘जेलीफिश’ लिहून पुढे गेलं असतं तर ते व्हिडिओ परत शोधायचे कसे?

म्हणून ओळखता आलं नाही तर जिथपर्यंत खात्री आहे तिथपर्यंतच लिही. प्रवाळ आहे एवढंच कळतंय तर ‘प्रवाळ’, पुढे रंग, आकार, कशावर बसलाय ते. अंदाजाने प्रजातीचं नाव अजिबात टाकू नकोस, अर्धवट नोंद नंतर तज्ज्ञ पूर्ण करतात पण चुकीची नोंद बरोबर वाटते ना, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

आता सॅम्पलचं. पायलट रोबोचा हात पुढे न्यायच्या आधीच त्याला सांग, की थांब, आधी क्लोजअप घेऊ. दोन लेझरचे ठिपके प्राण्यावर किंवा अगदी शेजारी पडलेले दिसू देत, त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, त्यावरूनच नंतर आकार मोजतात (तुमच्या रोबोवर किती सेंटीमीटर आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेव). हे आधीच करायचं कारण म्हणजे वर आल्यावर रंग जातो, मऊ अंगाचे जीव फाटतात, लार्व्हेशियन नावाच्या बारक्या तरंगत्या जिवाचं चिकट घर तर हात लागताच विस्कटतं, मग तो जीव जिवंतपणी कसा होता याचा पुरावा फक्त तुझ्या व्हिडिओत उरतो.

मग पकडल्याचा क्षण. वेळ सेकंदापर्यंत, सॅम्पल नंबर, कशाने घेतला म्हणजे रोबोच्या हाताने की सक्शनने (नळीने ओढून) की पुश कोअरने (गाळात खुपसायच्या नळीने), आणि कुठल्या डब्यात गेला. हे डब्याचं लोक हमखास विसरतात आणि वर आल्यावर दोन सारखे दिसणारे स्पंज कुठला कुठला म्हणून भांडत बसतात. खोली, तापमान, क्षारता, अक्षांश-रेखांश बहुतेक ठिकाणी नंतर सेन्सरच्या डेटातून वेळेवरूनच जोडले जातात. म्हणजे वेळ चुकली की सगळंच चुकलं. माझ्या पहिल्या क्रूझवर मी एका डाइव्हच्या, म्हणजे रोबोच्या पाण्यातल्या एका फेरीच्या, नोंदी भारतीय वेळेत केल्या आणि सेन्सर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत होता, साडेपाच तासांचा फरक, रोबो पाण्यातून वर आल्यानंतरची खोली माझ्या सॅम्पलना लागायला लागली. सुधारता आलं पण दोन रात्री गेल्या आणि एका सॅम्पलबद्दल मला आजही पूर्ण खात्री नाही, ते अजून टोचतं. तू डाइव्ह सुरू व्हायच्या आधी सगळी घड्याळं यूटीसीवर जुळवूनच बस.

पकडायचा प्रयत्न फसला तरी तेही लिही, प्राणी निसटला, अर्धाच आला, सोबत दगड आला, सगळं. दगडावर बसून आलेला बारका ब्रिटल स्टार (तारामाशासारखा जीव) कधीकधी मुख्य नमुन्यापेक्षा मोलाचा निघतो.

डाइव्ह संपली की दमलेला असशील तरी झोपायच्या आधी वेट लॅबमध्ये (जहाजावर ओले नमुने हाताळायच्या खोलीत) जा, बरण्यांची लेबलं आणि तुझी यादी एकेक करून जुळव, नमुने बाहेर काढले जात असतानाच. दुसऱ्या दिवशी कुणाला काही नीट आठवत नाही. आणि परत आलास की काय काय मिळालं ते नक्की कळव, मी वाट बघतेय.