अँटिमायक्रोबियल पेप्टाइड्समध्ये पोस्टडॉक करावा का? गाईड म्हणतात यातून औषध कधीच निघत नाही

अँटिमायक्रोबियल पेप्टाइड्स म्हणजे जंतू मारणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आणि त्यातून औषध "कधीच निघत नाही" हे साफ खोटं आहे. कोलिस्टिन काय आहे मग? आयसीयूत क्लेबसिएला हा जिवाणू कशालाच दाद देत नाही तेव्हा डॉक्टर शेवटी तेच काढतात, किडनीला त्रास होतो हे माहीत असूनही. डॅप्टोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक 2003 पासून बाजारात आहे. दोन्ही पेप्टाइडचीच औषधं. फक्त ती मुळात जिवाणूंनी बनवलेली, आपण डिझाइन केलेली नव्हेत, आणि खरी बोंब तिथेच आहे.

मी यातच पोस्टडॉक केला, परदेशात. 1987 मध्ये झॅस्लॉफ या संशोधकांना बेडकाच्या कातडीत मॅगेनिन हे पेप्टाइड सापडलं, त्या जातीची पेप्टाइड्स घेऊन एकेक अमिनो आम्ल बदलत बसायचं. त्यातलं एक ब्रॉथमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या द्रवात, स्टॅफ या जिवाणूला झकास मारत होतं, बॉस खूश, म्हणाला पेपर लिहायला घे. मी म्हटलं आधी सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात बघू, आणि त्याच प्लेटच्या अर्ध्या भागात माणसाचं सीरम घालून लावलं. सकाळी इनक्युबेटरमधून काढली तर नुसत्या ब्रॉथच्या वेल्स (प्लेटमधले खळगे) स्वच्छ, आणि सीरमवाल्या सगळ्या गढूळ, तळाला बॅक्टेरियाचा पांढरा ठिपका बसलेला. मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर टाकलं तर एका उंच पीकच्या जागी बारक्या पीक्सची रांग, म्हणजे पेप्टाइडचे तुकडे झालेले. कारणही उघड आहे, बॅक्टेरियाच्या पडद्याला चिकटावं म्हणून आपण लायसिन-आर्जिनिन ही अमिनो आम्लं भरतो आणि ट्रिप्सिनच्या जातीची प्रोटिएजेस (प्रथिनं कापणारी एन्झाइम्स) नेमकी त्यांच्यापाशीच कापतात.

बॉसचं म्हणणं, सीरमचा डेटा या पेपरात नको, पुढच्यात बघू, सगळे असंच करतात. ग्रुप मीटिंगमध्ये कडाक्याचं भांडण झालं. सीरमचा तो आलेख शेवटी छापला गेला नाही, आणि मला ते अजून पटलेलं नाही. अहो, पेक्सिगॅननचं काय झालं बघा. मॅगेनिनचंच सुधारलेलं रूप, डायबेटिसच्या पायाच्या जखमेवर लावायची क्रीम, म्हणजे रक्तात जायचाही प्रश्न नाही. ट्रायलमध्ये ऑफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या गोळीच्या जवळपास उतरलं, तरी 1999 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, नाकारलं. इतकं चांगलं पेप्टाइड अडकतं तिथे सीरममध्ये मरणारं पेप्टाइड ब्रॉथच्या आकड्यावर मिरवून कोणाचा पेशंट वाचणार? पुढच्या पोस्टडॉकची दोन वर्षं मात्र त्याच्यावर जातात.

तर जा, पण लॅब बघून जा. पीआयला (लॅबच्या प्रमुखाला) विचारू नका, तिथल्या पीएचडीच्या पोरांना विचारा की नवीन पेप्टाइड आलं की ते सीरममध्ये आणि मिठात चालतं का, आणि त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात का, या टेस्ट कधी लावता. पहिल्याच फेरीत लावतो म्हणाले तर डोळे झाकून जा. "ते नंतर कोलॅबोरेटर करतो" म्हणाले तर नका जाऊ, नाव कितीही मोठं असो. डी-अमिनो आम्लांनी (नेहमीच्या अमिनो आम्लांची आरशातली रूपं) कापाकापी बरीच थांबते, पण ती महाग पडतात, ग्रँटमध्ये त्याचे पैसे आहेत का तेही विचारून घ्या.

हां, कॅथेटरवरचं कोटिंग किंवा मलम असलं काम असेल तर सीरमची अट थोडी सैल करता येईल, मिठाची नाही, घामातही मीठ असतंच. आणि गाईडना कोलिस्टिनबद्दल जरूर विचारा, काय उत्तर देतात ते इथे कमेंटमध्ये लिहा.