कोडिंग येत नसेल तर ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी मदतपानं लिहिता येतील का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कॉमर्सच्या पदवीधर आहात, ऑफिसात लिबरऑफिस हे फुकट मिळणारं ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) ऑफिस-सॉफ्टवेअर वापरता, प्रोग्रामिंगशी संबंध नाही, पण अशा एखाद्या सॉफ्टवेअरची मदत-पुस्तिका लिहायला आवडेल. जमेल का, कुठून सुरू करू आणि त्यात पैसे मिळतात का? जमेल. कोडिंग न येणं ही तर या कामात बऱ्याचदा जमेची बाजू असते, त्याबद्दल पुढे सांगतो. पण पुस्तिका लिहायला मात्र बसू नका.

नव्यानं आलेला जवळपास प्रत्येकजण तिथूनच सुरू करतो. आधी छान अनुक्रमणिका, मग 'सॉफ्टवेअरची ओळख', मग 'फाइल मेनू', मग 'एडिट मेनू'. एडिट मेनूपाशी उत्साह संपतो. समजा चिकाटीनं पूर्ण केलंत, तरी लिबरऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. तुमची पुस्तिका छापून होईपर्यंत एखादा मेनू हललेला असतो. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबनं २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांचं सर्वेक्षण केलं होतं. त्यात ९३ टक्के लोकांनी अपुरी किंवा जुनी झालेली माहिती ही नेहमीची अडचण असल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक म्हणाले, आम्ही मदत-लेखनाच्या वाटेला क्वचितच जातो किंवा कधीच जात नाही. म्हणजे कमतरता नव्या पुस्तिकेची नाही, असलेली पानं खरी ठेवणाऱ्या माणसांची आहे. तुमची गरज तिथे आहे.

मग करायचं काय? लोक अडून जे विचारतात तो एक प्रश्न उचलायचा आणि त्याचं उत्तर योग्य पानापर्यंत पोचवायचं. तुमच्याच ऑफिसातलं उदाहरण घेऊ. रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या लेखनाच्या भागात, मराठी मजकूर आहे. कुणीतरी स्टाइल उघडून फॉन्ट बदलतं, आकार १२ चा १४ करतं, ओके दाबतं. मधले इंग्रजी शब्द बदलतात, मराठी जसंच्या तसं. माणूस वैतागून म्हणतो, 'हे फुकटचं सॉफ्टवेअर असंच.' बिघाड काहीच नसतो. लिबरऑफिस पाश्चात्त्य लिपींचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि देवनागरी, अरबी यांसारख्या लिपींचा वेगळा. या दुसऱ्या गटाला ते 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' म्हणतं. फॉन्टच काय, आकार आणि ठळकपणाही दोन्हींचा स्वतंत्र असतो. शिवाय टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात जाऊन ही सोय चालू केलेली नसेल, तर फॉन्टच्या चौकटीत तो दुसरा भाग दिसतच नाही. जो रकाना डोळ्यांसमोरच नाही तो बदलणार कसा?

ही सगळी माहिती लिबरऑफिसच्या मदतीत आहे. फक्त ती 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या मथळ्याखाली आहे, आणि तलाठी कार्यालयातला कारकून किंवा शाळेतल्या बाई ते तीन शब्द शोधपट्टीत टाकतील अशी सुतराम शक्यता नाही. त्या टाकतील 'फॉन्ट बदलत नाही'. मदत-लेखनातलं निम्मं अपयश मला तरी इथे दिसतं: पान असतं, बरोबरही असतं, पण ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं असतं. मराठी टाइप करणाऱ्याला कुठे अडतं हे तुम्हाला रोज दिसतं, म्हणून तुम्ही उपयोगाच्या.

आता यंत्रणा थोडी समजून घ्या, म्हणजे बदल नेमका कुठे करायचा ते कळेल. लिबरऑफिसमध्ये एफ-१ दाबलं की मदत उघडते. ऑफलाइन मदतीचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. ते नसेल तर ब्राउझरमध्ये ऑनलाइन पान उघडतं. एखाद्या चौकटीत असताना मदत मागितली तर थेट त्याच चौकटीचं पान येतं, कारण चौकटींना आणि बटणांना एकेक ओळख-खूण दिलेली असते आणि मदतपानात ती नोंदवलेली असते. पानं एक्सएचपी नावाच्या एक्सएमएल प्रकारात असतात. शीर्षक, परिच्छेद आणि अनुक्रमणिकेत शोधता येणारे शब्द, सगळं त्याच फाइलीत. मॅकवर मेनूची वाट वेगळी असते, तर त्यासाठीचं वेगळं वाक्यही त्याच पानात, 'मॅक असेल तर हे दाखव' अशा खुणेसह. बदल पाठवला की तो दुसरं कुणीतरी तपासतं आणि मगच आत जातो.

हे वाचून घाबरू नका, यातलं काहीही पहिल्या दिवशी लागत नाही. लिबरऑफिसच्या मदत-लेखनाची दुसरी एक शाखा आहे: गाइड. प्राथमिक ओळखीचं एक, रायटरचं, कॅल्कचं (हिशेबाचे तक्ते), इम्प्रेसचं (सादरीकरण), बेसचं (डेटाबेस) अशी ही पुस्तकं रायटरमध्येच लिहिली जातात, ठरलेल्या साच्यात, एकेक प्रकरण एकेका फाइलीत. एकजण प्रकरण सुधारतो, दुसरा तपासतो. तिथे तुम्हाला रायटरशिवाय काहीच यावं लागत नाही. त्याहून सोपं म्हणजे प्रकल्पाच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर, मदत-लेखनाच्या विभागात तक्रार नोंदवणं: हे पान, हे वाक्य, इथे असं म्हटलंय, प्रत्यक्षात असं दिसतं. चांगली तक्रार म्हणजे अर्धं लिहिलेलं पानच. माझ्या मते पहिले काही महिने फक्त एवढंच केलंत तरी पुष्कळ.

लिहायची वेळ आली की एक गोष्ट आधी ठरवा: वाचणारा शिकायला आलाय, काम उरकायला आलाय, एखादा तपशील बघायला आलाय, की 'हे असं का' हे समजून घ्यायला? दानिएले प्रोचिदा यांनी 'डायटॅक्सिस' नावानं नेमकी हीच चार खणांची मांडणी केली आहे आणि बऱ्याच प्रकल्पांनी ती उचलली आहे. मला ती थोडी जास्तच चौकोनी वाटते, कारण खऱ्या पानात हे खण एकमेकांत शिरतातच. पण काम उरकायला आलेला आणि तपशील बघायला आलेला यांत गल्लत करू नये, हे मात्र शंभर टक्के खरं. सोसायटीच्या सेक्रेटरीला प्रत्येक सभासदाच्या नावानं थकबाकीचं पत्र छापायचंय. त्याला मेल मर्जमधल्या प्रत्येक बटणाचा अर्थ नकोय. त्याला हवंय: नावांची यादी कॅल्कमध्ये अशी करा, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं द्या, ती फाइल डेटा सोर्स म्हणून अशी नोंदवा, मग पत्रात हे रकाने असे ओढून टाका, छापा. आणि त्याच पानावर, ठसठशीत: नोंदवल्यानंतर ती फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवू नका, दुवा तुटेल. हे शेवटचं वाक्य बटणांच्या यादीत कधीच येत नाही, कारण ते कुठल्याच बटणाचं वर्णन नाही. ते सुचतं अडलेल्या माणसाशेजारी बसलेल्यालाच.

कोडिंग न येण्याचा फायदा म्हटलं, तो हाच. ज्यानं सुविधा बनवली त्याला मधल्या पायऱ्या दिसेनाशा होतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात हे पद्धत म्हणून स्वीकारलंय. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं सुरू झालेला हा प्रकल्प लिबरऑफिस, सायलॅब (गणित), जिम्प (चित्रं) अशा मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे धडे बनवतो, आणि त्यातले बरेच मराठीतही ऐकायला मिळतात. धडा रेकॉर्ड होण्याआधी त्याची संहिता लिहिली जाते, आणि ती जाणकाराबरोबरच विषय अजिबात न येणाऱ्या माणसाकडूनही तपासून घेतली जाते. नवखा अडला की संहिता बदलायची, नवख्याला समजावत बसायचं नाही. तुम्हीही लिहिलेलं पान शेजारच्या टेबलावर द्या आणि तोंड मिटून बघत राहा. 'अहो, तिथे नाही, वरती' असं म्हणायची जिथे उबळ येईल, तिथे पानात एक वाक्य कमी आहे.

पान जुनं होण्याचा प्रश्न क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरनं मला वाटतं सगळ्यात शहाणपणानं हाताळलाय. तिथे एखादी नवी सुविधा मूळ सॉफ्टवेअरमध्ये दाखल झाली की मदत-लेखनाच्या रेपॉझिटरीत (फाइलींच्या सामायिक साठ्यात) आपोआप एक नोंद उघडते, डेव्हलपरनं केलेल्या वर्णनासकट. काय लिहायचं राहिलंय याची यादी कुणी करायला बसत नाही, ती तयारच असते. तुम्हाला नकाशांत रस असेल तर त्या यादीतून एक छोटी नोंद उचलणं ही उत्तम सुरुवात. त्यांची प्रशिक्षण पुस्तिकाही बघा. उदाहरणांचा प्रदेश दक्षिण आफ्रिकेतलं स्वेलेंडॅम गाव आणि परिसर. परका मुलूख, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच एक प्रदेश असल्यामुळे शिकणारा हरवत नाही. प्रत्येक धड्याला नवं खोटं उदाहरण देणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

स्क्रीनशॉटबद्दल माझं मत टोकाचं आहे: शक्य तितके टाळा. चित्र सगळ्यात आधी जुनं होतं, भाषांतरात प्रत्येक भाषेसाठी नव्यानं काढावं लागतं, आणि स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही. 'टूल्स, मग ऑप्शन्स' असं शब्दांत लिहिलेलं बदलायला एक मिनिट लागतं. लिबरऑफिसमध्येच वर सांगितलेल्या भाषांच्या विभागाचं नाव आधी 'लँग्वेज सेटिंग्ज' होतं, पुढे 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' झालं. एवढ्याशा बदलानं किती पानांतली किती चित्रं बाद झाली असतील! चौकट खरोखर गुंतागुंतीची असेल तर एखादं चित्र ठीक.

मराठीचं म्हणाल तर दोन वेगळी कामं आहेत आणि ती एक समजू नका. एक भाषांतर. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेट या ब्राउझरमधल्या साधनावर चालतं; खातं काढा, वाक्य बघा, सुचवा. मात्र इंग्रजी मूळ वाक्य कुणी जरा जरी बदललं तरी त्याचं भाषांतर पुन्हा तपासायला लागतं. मदतीची हजारो वाक्यं मराठीत आणून ती तशी सांभाळणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. त्यामुळे मी आधी मेनू आणि संदेशांची मराठी नीट करीन, कारण पानात 'हे बटण दाबा' असं एक नाव आणि पडद्यावर दुसरंच, यापेक्षा इंग्रजी परवडलं. दुसरं काम, मूळ मराठीतच लिहायचं, ते जास्त मोलाचं: मराठीत काम करणाऱ्यालाच येणाऱ्या अडचणी. वरचा फॉन्टचा घोळ, किंवा युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या एकाच संकेतपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी फाइल उघडली की दिसणारी अगम्य अक्षरं. तिथे कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नसतो, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरितच करावा लागतो. हे कुणी सरळ सांगत नाही म्हणून माणसं दुपारभर फॉन्ट बदलत बसतात.

परवान्याबद्दल थोडक्यात. कुणाच्या संकेतस्थळावरचा मजकूर किंवा चित्रं उचलून टाकू नका, कितीही चांगली असली तरी. लिबरऑफिसची गाइड क्रिएटिव्ह कॉमन्स आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली येतात. तुम्ही दिलेलं लेखन पुढे कुणीही बदलेल, वाटेल, छापून विकेलही. हे आधीच मान्य असू द्या, नंतर कुरकुर नको.

पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. काही प्रकल्पांमागच्या संस्था मदत-लेखनासाठी पगारी माणूस ठेवतात, आणि गूगलनं २०१९ मध्ये 'सीझन ऑफ डॉक्स' सुरू केलं तेव्हा तांत्रिक लेखकांना या कामाचं मानधन मिळण्याची एक वाट उघडली होती. पण टेक्निकल रायटरच्या नोकरीला अर्ज करताना नमुना मागतात, तेव्हा इथली दुरुस्ती उघड्यावर असते: आधीचं वाक्य, तुमचं वाक्य, तपासणाऱ्याचा शेरा, तारीख. खाजगी कंपनीतलं काम असं दाखवता येत नाही.

आणि पहिली तक्रार नोंदवाल तेव्हा हेल्प मेनूतल्या 'अबाउट लिबरऑफिस' मधून आवृत्तीचा पूर्ण क्रमांक आणि विंडोज की लिनक्स हे कॉपी करून सोबत टाका. ते नसलं की समोरचा आधी तेच विचारतो आणि आठवडा त्यातच जातो.