उशिरा आला तरी पूर्ण मजुरी?

प्रश्न: सर, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, अध्याय 20 मधे, येशूच्या गोष्टीतला द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून राबणाऱ्याला एक दिनार देतो आणि संध्याकाळी 5 ला आलेल्याला पण एकच. हा अन्याय नाही का?

उत्तर: राग येतो खरा, आणि येशूने गोष्ट रचलीय पण तशीच, मालक शेवटी आलेल्यांना आधी पैसे देतो म्हणजे बाकीच्यांनी ते बघावं! पण सकाळच्यांशी ठरलेला एक दिनार त्यांना मिळालाच ना, कापला कुठे? दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, त्यावरच घर चालायचं, आणि 5 वाजता उभे असलेले काही आळशी नव्हते, ते स्वतःच सांगतात की आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. आपल्याकडे मजूर नाक्यावर दुपारपर्यंत थांबलेली माणसं बघा, अर्ध्या मजुरीत घरी अर्धीच भूक लागते का? मोशेच्या नियमशास्त्रात पण गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या असं आहे (बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, 24:15).

आणि हो, ही गोष्ट मत्तय 19:27 पासून वाचा. तिथे येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? माझ्या मते ही गोष्ट मुख्यतः त्यालाच उत्तर आहे, पगाराचा नियम म्हणून सांगितलेली नाही.