तुमचे प्रश्न: एपी केमिस्ट्रीत बी आलाय, कोर्स सोडायचा का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी अकरावीत आहे. यंदा तिने एपी केमिस्ट्री (एपी म्हणजे शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) घेतलंय आणि पहिल्या मार्किंग पिरियडला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या टप्प्याला, ८४ आलेत, म्हणजे बी. आजवर हिला ए सोडून दुसरं काही मिळालेलंच नाही. टीचर फार कडक आहेत हो, लॅब रिपोर्टमध्ये ०.५० ऐवजी ०.५ लिहिलं तरी मार्क कापतात, आणि तिची मैत्रीण त्याच शाळेत दुसऱ्या टीचरकडे आहे तिला ९५! मिस्टर म्हणतात ड्रॉप कर आणि एखादं ऑनर्स (साध्या वर्गापेक्षा वरचं, पण एपीपेक्षा सोपं) घे, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी तरी वाचेल. मुलगी म्हणते मला इथेच राहायचंय. मी रोज रात्री पोर्टल उघडून बघत बसते, झोप येत नाही. टीचरना मेल करू का? — एक आई

उत्तर: मुलगी राहायचं म्हणतेय ना, मग राहू द्या. ८४ घेऊनसुद्धा तिला तो वर्ग सोडवत नाहीये, ही फार चांगली गोष्ट आहे.

तुमची भीती कुठून येते ते मला कळतं कारण मीही तिथूनच आलेय. आपण बोर्डाच्या परीक्षा देऊन मोठे झालो, सगळ्यांना एकच पेपर, आणि अकरावीच्या लिस्टमध्ये पॉइंट दोनने कॉलेज हुकायचं, त्यामुळे मार्क म्हणजे मार्क, तो कोणी दिला हा प्रश्नच नव्हता. इथे वर्गातल्या ग्रेडला बोर्डच नाही. पेपर टीचर काढणार, तपासणार तेच, आणि शेजारच्या खोलीतले टीचर वेगळ्या मापाने तपासणार. कॉलेजवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून तर ट्रान्सक्रिप्टसोबत (ग्रेडच्या अधिकृत नोंदीसोबत) शाळेचा काउन्सेलर स्कूल प्रोफाइल पाठवतो, एक-दोन पानांचा कागद असतो, शाळेत किती एपी आहेत, अवघड कोर्सला वेटेज (जादा पॉइंट) कसं देतात, काही शाळा तर कुठल्या ग्रेडला साधारण किती मुलं असतात तेही देतात. तुमच्या शाळेच्या वेबसाइटवर बहुतेक मिळेल, मिळालं नाही तर काउन्सेलरकडे मागा आणि आज रात्री पोर्टलऐवजी ते वाचा.

आता खरं तेही सांगते. बीने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्डला जवळजवळ सगळे ए असलेली मुलं एवढी येतात की त्यातल्याही बहुतेकांना नकारच मिळतो, तिथे बी दिसतो. पण अवघड कोर्स मध्येच सोडलेला पण दिसतो ना! आणि तुमच्या मिस्टरांचा हिशोब वेटेड जीपीएला (अवघड कोर्सचे जादा पॉइंट धरून काढलेल्या) तेवढासा लागू पडत नाही, कारण बऱ्याच शाळांत एपीतला ए म्हणजे ५ आणि बी म्हणजे ४, म्हणजे साध्या वर्गातल्या ए एवढाच. अनवेटेडला ३ धरतात हे खरं, पण बरीच कॉलेजं शाळेचा जीपीए बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात. यूसी, म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया घ्या, तिथे फक्त दहावी-अकरावीच्या ग्रेड धरतात, प्लस-मायनस बघतच नाहीत, आणि एपीला एक पॉइंट जास्त देतात, तोही आठ सेमिस्टरपर्यंतच. तुम्ही राज्याबाहेरचे म्हणून तो पॉइंट तुम्हाला शाळेच्या ऑनर्सवर मिळत नाही, एपी किंवा आयबीवरच (एपीसारखाच वरच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) मिळतो. म्हणजे यूसीला अर्ज करायचा असेल तर ऑनर्समध्ये जाऊन फायदा काहीच नाही, तिथला ए आणि एपीतला बी सारखाच.

आणखी एक, हे पालकांच्या लक्षातच येत नाही. एपीची खरी परीक्षा मे महिन्यात, ती कॉलेज बोर्ड (एपी चालवणारी संस्था) घेतं, सगळ्यांना एकाच मापाने, १ ते ५. निकाल जुलैत. मुलगी अकरावीत आहे, म्हणजे बारावीत अर्ज भरताना तो स्कोअर हातात असणार. वर्गात बी आणि परीक्षेत ५ असं समोर आलं की वाचणाऱ्याला कळतं, टीचर कडक होते, मुलीला विषय येतो. आणि ५ मिळायला शंभरात नव्वद लागत नाहीत बरं का, बरंच खाली चालतं.

त्या ०.५० चं सांगते. एका शून्यासाठी मार्क कापले म्हणून तुम्ही चिडलात, पण टीचर बरोबर आहेत. ब्युरेट (द्रव मोजायची खुणांची नळी) बघून ०.५० लिहिलं म्हणजे शंभराव्या भागापर्यंत मोजलं, ०.५ लिहिलं म्हणजे तेवढं बारीक मोजलंच नाही. मे महिन्याच्या पेपरातही सिग्निफिकंट फिगर्स (मोजमाप किती बारीक ते दाखवणारे अंक) बघतात. आत्ता अर्धा मार्क गेला ते बरं झालं म्हणा.

मेल तुम्ही नका करू. मी केला होता. मुलाच्या फिजिक्सच्या टीचरना, दोन टीचरांच्या ग्रेडमध्ये एवढा फरक कसा म्हणून, अगदी सभ्य भाषेत. टीचर काही बोलले नाहीत, पण मुलगा त्यानंतर एक्स्ट्रा हेल्पला जायचा बंद झाला, लाज वाटायची त्याला, आणि ते मला मार्चमध्ये कळलं. अजून आठवलं की वाईट वाटतं. मुलीलाच पाठवा, तपासलेला रिपोर्ट हातात घेऊन, नेमकं काय चुकलं विचारायला. अकरावीचे टीचर पुढे शिफारसपत्र लिहितात, दर आठवड्याला येऊन विचारणारी बी वाली मुलगी त्यांच्या लक्षात राहते. आणि हा पहिलाच मार्किंग पिरियड आहे, कितीतरी शाळांत ट्रान्सक्रिप्टवर वर्षाचीच ग्रेड जाते, तुमच्याकडे कसं आहे ते विचारून घ्या.

प्रश्न: डॅलसजवळ राहतो. मुलाचा रँक (शाळेतल्या त्याच्या बॅचमधला नंबर) घसरतोय, एपी कमी केले तर वर येईल का? — एक वडील

उत्तर: टेक्सासचं वेगळं आहे, तिथे रँकची काळजी खरीच आहे. १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या बॅचच्या पहिल्या १० टक्क्यांना राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश, पण यूटी ऑस्टिनची (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, ऑस्टिन) मर्यादा त्याहून कमी, आधी ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून ५. पण रँक बहुतेक ठिकाणी वेटेड जीपीएवर काढतात, त्यामुळे एपी कमी करून रँक वर जाण्याऐवजी खालीही जाऊ शकतो. कुठले विषय धरतात ते तुमच्या डिस्ट्रिक्टच्या नियमात लिहिलेलं असतं, काउन्सेलरकडून समजून घ्या. आणि थेट प्रवेश हा युनिव्हर्सिटीत असतो, कॉम्प्युटर सायन्समध्ये नाही, मेजर (मुख्य विषय) वेगळं ठरतं, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा.