पाच आठवडे गोळी, तरी आरसा सुटत नाही

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, गंगापूर रोडला कॉलेजात जातो. नाक वाकडं आहे म्हणून दोन वर्षं मास्क काढत नाही, आरशासमोरून हलत नाही. डॉक्टरांनी बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर (आपल्या दिसण्यात खोट आहे हा विचार सुटत नाही तो आजार) सांगून फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरही देतात ती गोळी २० मिलिग्रॅम दिली. पाच आठवडे झाले, फरक नाही. आता याच आजाराच्या रुग्णांच्या उपचार-गटात (ग्रुप थेरपी) बसायला सांगितलंय, तर म्हणतो, 'सगळे माझ्या नाकाकडेच बघतील.' नाकाचं ऑपरेशनच करून टाकू का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, ऑपरेशन नको. या आजारात खोट नाकात नसते, नजर एका बारक्या तपशिलावर अडकलेली असते. त्यामुळे ऑपरेशन उत्तम झालं तरी बहुतेकांचं समाधान होत नाही, किंवा नाक सोडून हनुवटी नाहीतर केस सुरू होतात.

गोळीचा निकाल पाच आठवड्यांत लागत नाही. २० ही सुरुवात. नैराश्याला पुरतो त्याहून जास्त डोस इथे बहुधा लागतो. ४०, ६०, कधी ८० पर्यंत टप्प्याटप्प्याने नेतात आणि एकूण १२ ते १६ आठवडे थांबतात. गाडी अडते ती इथेच. कमी डोसवर दोन महिने जातात, 'गुण नाही' म्हणून डॉक्टर बदलतात, तिथे पुन्हा २० पासून सुरुवात! डोसचं पुढच्या भेटीत विचारा, घरी वाढवू नका. गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्या. रात्री दिली तर झोप उडू शकते. गुण आल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवावी लागते, लवकर सोडली की आजार उलटतो.

एक मात्र आजपासूनच. पंचविशीच्या आतल्या मुलांना सुरुवातीला आणि डोस वाढवताना तगमग होऊ शकते, जीव द्यायचे विचार येऊ शकतात. या आजारात तो धोका मुळातच मोठा आहे. 'मरावंसं वाटतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आता गट. तिथे बसलेल्या प्रत्येकाला 'सगळे माझ्याकडेच बघतात' असंच वाटत असतं. म्हणून चांगल्या गटात पहिल्याच दिवशी नियम घालतात: एकमेकांच्या रूपावर बोलायचं नाही, कौतुकसुद्धा नाही. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास काम चालतं. हातभर अंतरावरून आरशात डोक्यापासून पायापर्यंत बघायचं आणि 'वाकडं', 'घाण' हे शब्द टाळून फक्त दिसतं ते सांगायचं. पुढे मास्क काढून आधी खोलीत, मग टपरीवर चहाला, मग कॉलेज रोडवर संध्याकाळच्या गर्दीत. दुसऱ्याचं ऐकताना 'याचं तर काहीच दिसत नाही' असं मनात येतं आणि मुलगा स्वतःच चपापतो. हे एकट्याच्या सेशनमध्ये क्वचित घडतं. उलटही होतं, काही जण एकमेकांशी तुलना करत बसतात. तसं दिसलं, किंवा तो घराबाहेरच पडत नसेल, तर आधी काही सेशन एकट्याची घ्यावीत.

घरी तो 'नाक नीट दिसतंय ना?' विचारतो तेव्हा 'छानच आहे रे' म्हणू नका. दिलासा दहा मिनिटं टिकतो, मग प्रश्न परत. 'याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय आपलं, चल, भाजी निवडू' एवढंच म्हणा. मात्र आधी त्याच्याशी बोलून ठरवा. आणि वहीत रोज दोनच आकडे लिहा: आरशासमोरची मिनिटं, मास्कशिवायची मिनिटं. 'नाक बरं आहे' असं तो इतक्यात म्हणणार नाही, हे आकडे आधी हलतील. पुढच्या भेटीला ती वही न्या.